खंडेनवमीचं फडकं

आमच्या कंपनीची एक जुनी स्मरणिका आहे. तिच्यात एक वाक्य असं आहे: "मानवी डोळ्याच्या मर्यादा लक्षात आल्यावर कंपनीने नळ्या सरळ करण्याचे काम यंत्राकडे सोपवले व आधुनिकतेकडे पहिले पाऊल टाकले." हे वाक्य मी लिहिलेलं नाही. पण त्यातला डोळा एका माणसाचा होता, आणि त्या डोळ्याला काहीही झालेलं नव्हतं, हे सत्तावीस वर्षं फक्त मला माहीत होतं.

कंपनी बंदुका बनवते. कोलशेतला, खाडीच्या अंगाला, आता चारी बाजूंनी टॉवर उठलेत त्यांच्या मधोमध. थोरले साहेब कोकणातून कानशी आणि काम पकडून ठेवायचा एक हातशेगडा घेऊन ठाण्यात आलेले. सुरुवातीला ते ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. रानडुकरांपासून शेत राखायला ज्यांच्याकडे परवाना असायचा, ते शेतकरी पोत्यात गुंडाळून बंदूक आणायचे आणि दुरुस्त होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. पुढे कारखाना झाला, बारा बोअरच्या एकनळी आणि दुनळी बंदुका आम्ही स्वतः बनवायला लागलो. मी लागलो तेव्हा थोरले साहेब जाऊन त्यांच्या मुलाच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या, हाती कारभार आलेला. आता त्यांची नात बघते. बंदुकांची मागणी कधीच आटलीय. हल्ली आम्ही नेमबाजीच्या एअर रायफली जास्त बनवतो. डोंबिवलीतल्या शाळेतल्या मुली शनिवारी ज्या रायफलींनी सराव करतात, त्यांतल्या बऱ्याच आमच्या आहेत.

लोक विचारतात, बंदुका बनवायचं काम, मनाला लागत नाही का? खरं सांगायचं तर बंदुकीचं मला कधी ओझं वाटलं नाही. मला ओझं झालं ते वीतभर फडक्याचं.

त्याआधी दादांचं काम सांगायला हवं. दादा म्हणजे आमचे नळी सेट करणारे, म्हणजे सरळ करणारे. कोलशेत गावातलेच, आगरी, वडील मिठागरावर कामाला होते. नळी भोक पाडून, आतून घासून आली की ती कुठेतरी केसभर वाकलेली असते. तो वाक हाताला लागत नाही, मापातही सहजी सापडत नाही. दादांच्या बाकासमोर उत्तरेची मोठी खिडकी होती आणि तिच्या काचेवर एक आडवी काळी पट्टी मारलेली. दादा नळी त्या पट्टीकडे रोखून एका डोळ्याने आत बघायचे. आतल्या चकचकीत भिंतीवर पट्टीची लांब, निमुळती सावली पडते. नळी सरळ असेल तर सावलीची कड सरळ जाते. वाक असेल तिथे कड मोडते. दादा नळी फिरवायचे, बोटाने जागा धरायचे, लाकडी ठोकळ्यावर ठेवून तांब्याच्या डोक्याच्या हातोडीने एक ठोका, कधी दोन. परत बघायचे. बस.

मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा, इन्स्पेक्शनला, प्रोबेशनवर. नळी सरकारी तपासणीला जायच्या आधी आम्ही आमची चाचणी घ्यायचो. नेहमीपेक्षा जास्त दारूचं काडतूस घालायचं, नळी लोखंडी घोडीवर पक्की करायची, भिंतीमागे जायचं आणि दोरी ओढायची. त्याआधी इन्स्पेक्टरने नळीतून आरपार बघायचं आणि तक्त्यावर सही करायची. हाच माझ्या नोकरीचा अर्थ होता. सही म्हणजे बघितलं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. लेथ, ड्रिल, कानशी, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू. त्या आठवड्यात सेट झालेल्या नळ्या मांडणीत उभ्या करून त्यांचीही पूजा. दादांचं एकच सांगणं असायचं, नळीत अक्षता जाता कामा नयेत, आत ओरखडा उठतो. म्हणून मी पिवळ्या कापडाच्या पट्ट्या फाडून प्रत्येक नळीच्या तोंडात बोळा बसवला. मग साहेबांनी फोटोग्राफर बोलावलेला. एका नळीतून फडक्याचं टोक बाहेर लोंबत होतं, वाईट दिसत होतं. मी बोटाने ते आत ढकललं. पुरतं जाईना म्हणून पेन्सिलीने ढकललं.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला, तेव्हा अजून सुट्टीच अंगात होती. आपट्याची पानं बाकांवर पडलेली, कोणीतरी घरून आणलेली जिलबी फिरत होती. मी नळ्यांची तोंडं मोकळी केली. जी फडकी दिसत होती ती काढली. मग तक्ता घेतला आणि सगळ्या नळ्यांच्या पुढे ओळीने सह्या करून टाकल्या. आरपार एकही बघितली नाही.

तिसऱ्या की चौथ्या नळीला आवाज वेगळा आला. भिंतीमागून येऊन बघतो तर नळी फुगलेली. कोणाला खरचटलंही नाही, तेवढं बरं. मी छर्रे झेलायच्या वाळूच्या ढिगाकडे गेलो आणि पायाशी करपलेलं पिवळं फडकं दिसलं. वाकलो, उचललं, खिशात घातलं. त्या क्षणी काही ठरवलं नव्हतं. हात गेला एवढंच.

आवाज ऐकून सगळे जमले. दादांनी नळी उचलून फुगवट्यावरून बोट फिरवलं. तो फुगवटा नळीला कडं चढवल्यासारखा होता, गोल.

"असा कडा येतं ते आत काय अडाकला तर," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, साधेपणाने, "तू बगितलेली ना आतून?"

"बघितलेली," मी म्हणालो.

लग्न ठरलेलं, प्रोबेशन चालू, ही सगळी कारणं मी पुढे रचली. खरं कारण इतकंच की त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि विचार करायच्या आत माझ्या तोंडून हो निघून गेलं. मग ते परत घेता आलं नाही. दुसऱ्या दिवशी घेता आलं असतं. महिन्याने घेता आलं असतं.

दादांनी पुन्हा कड्यावरून बोट फिरवलं. "मंग माजाच हात जड परला असंल," ते म्हणाले. "ठोक्यानं भित पातल झाली असंल." स्वतःला जे स्पष्ट दिसत होतं त्यापेक्षा त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला.

पुढचं भराभर झालं. त्या आठवड्यात दादांनी सेट केलेल्या सगळ्या नळ्या धोक्याच्या ठरल्या. त्या करवतीला लावून तुकडे केले. दादा शेवटपर्यंत उभे होते. साहेब वाईट माणूस नव्हता, त्यांनी दादांना कंपनीच्या खर्चाने डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने चाळिशीचा नंबर काढला, जो त्या वयात कोणालाही निघाला असता. पण कारखान्यात तो चष्मा पुराव्यासारखा फिरला. दादांना पॅकिंगला टाकलं. तिथे ते चारेक वर्षं खोक्यांना पट्ट्या मारत होते, मग सोडून गेले. दरम्यान यंत्र आलं आणि स्मरणिकेत ते वाक्य आलं.

मी कायम झालो, बढती मिळाली, लग्न झालं. डोंबिवलीत घर घेतलं. दादांचं घर कारखान्यापासून दहा मिनिटांवर. सत्तावीस वर्षं मी बसमधून गावाचा स्टॉप सोडून पुढे उतरत आलो.

यंदा मॅडमनी, म्हणजे थोरल्या साहेबांच्या नातीने, मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचं पुस्तक काढायचंय, तुमच्याइतकं जुनं आता कोणी नाही, तुम्हीच लिहा, म्हणाल्या. ती स्मरणिका हातात दिली. "हे मुद्दे तसेच घ्या. डोळ्याकडून यंत्राकडे, हा भाग मला फार आवडतो."

पंधरा दिवस मी बाकीचं सगळं लिहिलं. ठासणीच्या बंदुका, पायरीवरचे शेतकरी, पहिली दुनळी. त्या पानाशी आलो की उठायचो. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"दर खंडेनवमीला रजा टाकतोस ते यासाठी होय," म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "ते आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग मला काय सांगतोयस?"

रविवारी सकाळी मी गावच्या स्टॉपला उतरलो. दादांच्या जागेवर आता सात मजली इमारत आहे, तळाशी त्यांचं घर. दादा पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले, पंच्याहत्तरीच्या पुढचे, अंगाने वाळलेले.

"ओळखलंत का, दादा?"

"चालन्यावरना ओलखला. पाय घासतंस अजून." मला वरखाली बघून म्हणाले, "कोन मेला?"

"कोणी नाही."

"इतक्या वर्सांनी मानूस येतं ते कोन मेला तरच येतं. नायतर पोरीचा लगीन."

"कंपनीचं पुस्तक निघतंय."

"मंग फोटो पायजे आसंल माजा. त्या पॅकिंगच्या खोक्यासंगती." स्वतःच हसले. आतून सून चहा घेऊन आली. मी कप हातात धरला आणि सांगून टाकलं. बसमध्ये चांगली वाक्यं जुळवलेली, त्यातलं एकही आलं नाही. फडकं आत राहिलेलं, मी बघितलं नव्हतं, खोटं बोललो. तेवढंच आलं.

मला वाटलेलं शिव्या येतील. आले ते प्रश्न.

"कनचा फडका?"

"पूजेचं. पिवळं."

"आत कनाला ढकलला?"

"फोटोत टोक दिसत होतं."

"फोटोत." त्यांनी मान हलवली. "कडा कुठं आलेला, याद हाय?"

"तोंडापासून वीतभर."

"वीत आनि चार बोटां," ते म्हणाले. "मी मापलेला." मग माझ्याकडे न बघता, "म्हंजे नली सरल होती."

"सरळ होती."

"आनि बाकीच्या? कापल्या त्या?"

"सगळ्या चांगल्या होत्या, दादा."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "माज्या देखत कापल्या," म्हणाले. स्वतःला पॅकिंगला टाकलं त्याबद्दल एक शब्द नाही. त्या नळ्यांचंच लागलं. मग सुनेला हाक मारली. "ऐकलास काय गो? यो सायब म्हन्तं माजा डोला बरा होता."

सून दारात उभी राहिली. तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. "ही बिल्डिंग बांधायला घेतली ना," ती म्हणाली, "तेव्हा गवंडी रोज सांगायचा, दादा, तुम्ही ओळंबा बघा, तुम्ही बघितला की मला टेन्शन नाही. तर हे म्हणायचे, माझ्या डोळ्यावर जाऊ नको. स्वतःच्या घराची भिंत बघितली नाही यांनी. सुईत दोरा ओवायला दिला तरी उठून जायचे."

मी माफी मागितली. दादांनी हात वर करून थांबवलं.

"कप ठेव खाली."

मी ठेवला.

"आता जा."

मी गेलो. परत येताना मला हलकं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाईट वाटत होतं, पण आता ते सांगता येण्यासारखं होतं, इतकाच फरक.

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्या खूप वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिल्या. "बाबा असताना सांगायला हवं होतं तुम्ही," म्हणाल्या. "शेवटी शेवटी ते त्या माणसाची आठवण काढायचे." मी राजीनामा लिहून नेलेला. तो त्यांनी वाचला आणि परत दिला. "हे मला नको. पुस्तक द्या पूर्ण करून. आणि ते पान खरं लिहा."

आठ दिवसांनी दादांच्या सुनेचा फोन आला. मी उचलायला घाबरलो.

"काका, हे काय करून ठेवलंत तुम्ही," ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता. "चार दिवस बोलले नाहीत. आता थांबत नाहीत. सोसायटीचा बोर्ड वाकडा म्हणून वॉचमनला उतरवायला लावला. दाराची चौकट वाकडी, कपाट वाकडं. समोर टॉवरचं काम चाललंय, तिथल्या इंजिनियरला जाऊन सांगून आले, तुझा तिसरा पिलर झुकलाय. त्याने हसण्यावारी नेलं. मग मापून बघितलं."

"मग?"

"मग काय. आता तो रोज चहाला येतो आमच्याकडे." थोडं थांबून ती म्हणाली, "ते विचारतायत, पुस्तकात काय लिहिलंय ते दाखवणार का."

मी छापील मसुदा घेऊन गेलो. या वेळी त्यांनी चहाचं नाव काढलं नाही, मीही नाही. मी लिहिलेलं: "एका निष्ठावान कारागिरावर कंपनीकडून मोठा अन्याय झाला." सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं.

"ह्या काढ," दादा म्हणाले. "निष्ठावान बिष्ठावान. आनि अन्याय कंपनीनं केला काय? कंपनीनं तुजी सही बगितली."

"मग काय लिहू?"

"लिव, नली सरल होती."

"एवढंच?"

"आनि फडका कोनी ठेवला ता लिव. नाव घाल तुजा."

पुस्तकात आता चार ओळी आहेत. नळी सरळ होती, आत पूजेचं फडकं राहिलं होतं, तपासणाऱ्याने न बघता सही केली, आणि पुढे माझं नाव. पुस्तक वाटलं त्या दिवशी कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. आठवडाभर असं चाललं. मग असेंब्लीतला एक जण ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "साहेब, आता आमच्या नळ्या जरा बघून पास करा हां." मी म्हणालो, करतो. तो जेवायला लागला.

हे एवढं लांब मी इथे लिहितोय, कारण चार ओळींत दादा बसत नाहीत.

पुस्तकाच्या कार्यक्रमाला मॅडमनी दादांना बोलावलेलं, ते आले नाहीत. पुढच्या मंगळवारी आले, न कळवता, सुनेला घेऊन. मॅडमना म्हणाले, त्या शाळेतल्या पोरींच्या रायफलींच्या नळ्या बघायच्यात. एअर रायफलीची नळी बारीक, आत पेचासारखे आटे. यंत्र ती सेट करतं, तरी शंभरातल्या काही चाचणीत नेम चुकवतात आणि का ते आम्हाला कळत नाही. त्या नळ्या बाजूला काढून ठेवलेल्या असतात.

दादा जुन्या बाकाशी गेले. एक नळी उचलून खिडकीकडे धरली आणि लगेच खाली घेतली. शेजारच्या टॉवरने उजेड खाल्लेला. मी मनात म्हटलं, संपलं. पण त्यांनी विचारलं, "गच्ची उगडी हाय काय?" दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस कठडा धरत तीन जिने चढला. वर पाण्याच्या टाकीच्या कठड्याची कड त्यांनी पट्टी म्हणून धरली. इन्स्पेक्शनच्या दोन मुली नळ्या हातात देत होत्या. सहावीला दादा थांबले, फिरवली, बोट ठेवलं. "हितं." खडूने खूण केली. खाली नेऊन त्या मुलींनी तीच जागा यंत्रावर तपासली, आणि जिन्यातूनच ओरडून सांगितलं की वाक तिथेच आहे.

दादांनी मान हलवली. त्यांना खात्री करून घ्यायची नव्हतीच.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. रिक्षा कंपनी पाठवते, ती वाकडी चालते अशी तक्रार असते. त्या दोन मुलींना ते सावली बघायला शिकवतात, एकीला आता पुष्कळ दिसतं. माझ्याशी मात्र ते कामापुरतंही बोलायचे नाहीत. मी नळ्यांचा ट्रे नेऊन ठेवायचो आणि बाजूला उभा राहायचो.

गेल्या शुक्रवारी मुली जेवायला गेल्या होत्या. गच्चीवर आम्ही दोघंच. दादांनी ट्रेमधली एक नळी काढून, माझ्याकडे न बघता, माझ्यापुढे धरली.

"बग."

मी डोळा लावला. सत्तावीस वर्षं मी नळ्यांत बघत आलोय, कचरा आहे का, ओरखडा आहे का. सावली कधी बघितलीच नव्हती. आत उजेडाची गोल गोल वलयं दिसली, आणि मधे काहीतरी काळपट. मी नळी फिरवली. परत फिरवली.

"काय दिसतं?"

सरळ आहे असं म्हणणं जिभेवर आलेलं. "मला कळत नाही, दादा," मी म्हणालो.

दादांनी हात पुढे केला. नळी माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि परत दिली.

"या टोकाकडना बग."